अण्णा, त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागलीय. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्यात, त्यामुळे कुणी पोळ्या आणतं, कुणी वरणभात. सगळे सोफ्यावर बसतात, तुमच्या फोटोकडे बघतात आणि एकच वाक्य म्हणतात, "अण्णा किती शांत होते हो! कशात म्हणून जीव गुंतलेला नव्हता त्यांचा." मी चहाचा ट्रे धरून ओठ घट्ट मिटून उभी असते. शांत? तुम्ही? शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नर्सनं पेपर कपात टी-बॅग बुडवून दिली, तेव्हा "मॅडम, धिस इज नॉट टी, धिस इज हॉट वॉटर विथ अ थ्रेड" असं तिला सुनावणारे तुम्ही! काल एका बाईंना मी हे सांगणारच होते, पण विनायकनं डोळ्यांनी दटावलं. तुमचा मुलगा आणि माझा नवरा ही दोन्ही कामं त्यानं आयुष्यभर आपल्या दोघांच्या मध्ये उभं राहूनच केली, बिचाऱ्यानं.

म्हणून तुमच्याशीच बोलते. तुमच्या सुनेचं तुमच्याशी बोलणं म्हणजे निम्मं भांडणच असायचं. ते असं मध्येच टाकून कसं जाता हो?

तुम्ही ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात सोलापूरहून इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आलात. सासूबाई गेल्या होत्या, तिथे तुम्ही एकटे राहणार नाही असं विनायकनं ठरवलं आणि जाऊन तुम्हाला घेऊन आला. सगळा जन्म तुमचा पाणीपुरवठा खात्यात गेलेला. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तुम्ही बाथरूममध्ये गेलात, नळ सोडलात, धारेखाली हात धरलात आणि म्हणालात, "प्रेशर बरं आहे." मी वाकून नमस्कार करायला दारात उभी होते, ती उभीच राहिले.

आणि मग सुरू झालं आपलं. आमटीचा पहिला भुरका घेतलात की तुम्ही म्हणायचात, "नागपूरच्या माणसांना तिखट कळतं, चव कळत नाही." मी म्हणायची, "आणि सोलापूरकरांना शेंगदाण्याच्या कुटापलीकडे काही कळत नाही." तुम्ही थर्मोस्टॅट वर करायचात, मी खाली. माझ्या तोंडून चुकून "काहून?" निघालं की तुम्ही लगेच माझी नक्कल करायचात. एकदा आमची लेक नेहा शाळेतून आली आणि आपला आवाज ऐकून दारातच थबकली. "आर यू गाइज फायटिंग?" तुम्ही चष्मा सारखा करून म्हणालात, "नो नो, वी आर डिस्कसिंग." मला इतकं हसू आलं की पुढचा मुद्दाच विसरले. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले, तुम्हाला ठाऊक आहे. इतक्या हक्कानं माझ्याशी भांडणारं माणूस मला त्यानंतर तुम्हीच भेटलात. हे तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही शेफारला असतात.

पहिला हिवाळा नवलाईत गेला. बर्फ बघून झाला, बर्फाचे फोटो सोलापूरला पाठवून झाले. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र तुम्ही हळूहळू मिटत गेलात. एका दिवसात काहीच झालं नाही, म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. पहाटे आम्ही उठायच्या कितीतरी आधी तुम्ही अंथरुणात उठून बसलेले असायचात. जेवण कमी झालं. पँट सैल झाली म्हणून पट्ट्याला नवं भोक पाडलंत. पोटात कसंतरी होतंय म्हणालात, कंबर धरलीय म्हणालात. डॉक्टरनं रक्त, लघवी, एक्स-रे सगळं तपासलं आणि हसून सांगितलं, या वयाला असं चालायचंच. विनायकनं सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला म्हणा.

पण मग मी एक दिवस विचारलं, "आमटी कशी झालीय?" आणि तुम्ही म्हणालात, "छान आहे."

दुसऱ्या दिवशीही छान. तिसऱ्या दिवशीही छान. माझं डोकं चालायला लागलं. चौथ्या दिवशी मी आमटीत मुद्दाम मीठच घातलं नाही. विनायकनं पहिला घास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. तुम्ही भात कालवलात, खाल्लात आणि खाली बघून म्हणालात, "छान आहे."

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. टप, टप, टप. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसला होतात. वॉशर गेलेला नळ ज्यांना दोन खोल्या पलीकडून ऐकू यायचा आणि सहन व्हायचा नाही, ते तुम्ही त्या नळापाशी अख्खी दुपार बसून राहिलात आणि त्याला हात लावला नाहीत. मी विनायकला म्हटलं, "अण्णांचं काहीतरी बिनसलंय." तो म्हणाला, "अगं, वय झालंय. आई गेली, देश सुटला. नॅचरल आहे. उलट किती सेटल झालेत बघ, आता कटकट नाही त्यांची."

आणि तुम्ही वाटून टाकायला सुरुवात केलीत. हातातलं घड्याळ विनायकला दिलंत. सोलापूरहून कापडात गुंडाळून आणलेले पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर शेजारच्या हॅरल्डला दिलेत. विमानात ती पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात तुम्ही! सासूबाईंची चांदीची निरांजनं माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "तू नीट सांभाळशील." मी म्हटलं, "तुम्हीच सांभाळा की." तुम्ही नुसते हसलात. दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर कदाचित कुणाच्या तरी मनात शंकेची पाल चुकचुकली असती. पण आपण पडलो मराठी माणसं. म्हाताऱ्या माणसानं जेवण कमी केलं, बोलणं कमी केलं, हौसेच्या वस्तू देऊन टाकल्या की आपल्याला भरून येतं. आपण म्हणतो, वा, काय ही विरक्ती! घरातला माणूस आतून मोडत चाललाय आणि आपण त्याला संतपदाला बसवून मोकळे होतो.

बापटकाकांनी तर पुढचीच पायरी गाठली. ते आपल्या मंडळाचे अध्यक्ष, मनानं चांगला माणूस, पण सत्कार करायला कायम टपलेला. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी तुमचा सत्कार ठेवला. 'परदेशात राहून अनासक्त जीवन जगणारे आमचे अण्णासाहेब.' चर्चच्या तळघरातला तो हॉल, बाहेर गुडघाभर बर्फ, भिंतीशी ओल्या बुटांचा ढीग, आत काळ्या साड्या आणि तिळगूळ. तुमच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. काका म्हणाले, "अण्णासाहेब, दोन शब्द बोला."

तुम्ही माईकपाशी उभे राहिलात. नारळ दोन्ही हातांत तसाच धरलेला होता. म्हणालात, "मला आता काही नको. माझं इथलं काम झालंय. तुम्ही सगळे आनंदात राहा."

काय टाळ्या वाजल्या हो! शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. बापटकाका माईक घेऊन म्हणाले, "याला म्हणतात तृप्ती!" आणि माझे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे तृप्ती नव्हती अण्णा, तिथे कुणीच नव्हतं. मला त्या हॉलमधल्या प्रत्येकाचा राग आला. तिळगुळाचा डबा उचलून टाळ्या वाजवणाऱ्यांवर भिरकावून द्यावा असं वाटलं.

मी तेव्हा डेंटिस्टच्या ऑफिसात फ्रंट डेस्कवर होते. तिथली डॉरथी दुसऱ्या दिवशी माझा चेहरा बघून म्हणाली, काय झालं? मी सगळं सांगितलं, अगदी बिनमिठाच्या आमटीसकट. तिनं हातातला फोन खाली ठेवला. तिचे वडील तसे गेले होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. "त्यांना विचार," ती म्हणाली. "आडून आडून नको, स्ट्रेट विचार. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. असेल तर आधीपासूनच असतं, आणि बिचारे त्याच्याबरोबर एकटे असतात. आम्ही विचारलं नाही, हनी." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले.

रस्त्यात बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. सून सासऱ्याला हे कोणत्या शब्दांत विचारते? असं कुणी विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे असं काही तोंडातून निघालं की "शुभ बोल" म्हणतात. घरी आले तर तुम्ही खिडकीपाशी बसला होतात. मी कोटही काढला नाही. स्टूल ओढलं, तुमच्यासमोर बसले, आणि जुळवलेलं सगळं पळून गेलं.

"अण्णा," मी म्हटलं, "जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. उठून जाल, "काय बोलतेस हे" म्हणाल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा नीट बघितलंत. मग म्हणालात, "हो."

एवढंच. मी तुमचे हात धरले. सासऱ्याचे हात मी त्याआधी कधी धरले नव्हते, फक्त पायांना हात लावला होता. तुमचे हात गार पडले होते. "तुमच्यावर ओझं झालोय गं मी," तुम्ही म्हणालात. "विनूला काम, तुला काम. मी बसून खातो. सकाळी जाग आली की दिवस कसा काढायचा कळत नाही. ती होती तोवर कुणाला तरी माझ्यावाचून अडायचं." मी म्हटलं, "माझं अडतंय ना! कुणी भांडायला नाहीये मला घरात!" आणि मग मीच भोकाड पसरलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. समजूत कुणी कुणाची काढायची होती, काही कळेना.

मग तुम्ही म्हणालात, "विनूला सांगू नकोस. शपथ घे."

मी म्हटलं, "नाही घेणार. आत्ता फोन करणार आहे."

इथून आपलं ते भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत मिटलं नाही. मी तुमच्यादेखत फोन फिरवला. विनायक लॅबमधून तसाच निघाला, कोट तिथेच विसरून. त्या दिवसापासून आम्ही तुम्हाला एकटं ठेवलं नाही. घरातलं जे काही कुलपात टाकायला हवं होतं ते टाकलं. तुम्ही बघत होतात आणि माझ्याशी बोलत नव्हतात. विनायकशी बोलायचात, नेहाशी बोलायचात. माझ्याशी एकच वाक्य बोललात, "मी तुझ्यावर विश्वास टाकला होता." अण्णा, लागलं ते मला. पण मनात म्हटलं, माझ्यावर रागावायला का होईना, तुम्ही राहा.

तुम्हाला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथली डॉक्टर वयस्कर बाई होती, स्वेटरच्या खिशात टिश्यू कोंबलेली. तुम्ही तिला पहिलं वाक्य ऐकवलंत, "आय ॲम नॉट मॅड." ती म्हणाली, "ऑफ कोर्स नॉट. तुम्ही आजारी आहात." मी मराठीतून समजावत होते, तर तुम्ही म्हणालात, "मला इंग्रजी येतं." ती विनायककडे वळून म्हणाली, हे म्हातारपण नव्हे. म्हातारपणात माणूस हळू होतो, पण त्याला जगणं नकोसं होत नाही. नकोसं झालं तर तो आजार असतो, आणि या आजारावर उपाय असतात. म्हातारी माणसं "मी उदास आहे" असं म्हणत नाहीत, पोट दुखतंय म्हणतात. विनायक तिच्यासमोर मान खाली घालून बसला. घरी येताना गाडीत मी त्याचा हात हातात घेतला. कुणालाच माहीत नव्हतं हो. मला तरी कुठे माहीत होतं? मला फक्त माझं भांडण हरवल्याचं कळलं होतं.

गोळ्यांनी एका रात्रीत जादू झाली नाही. तुमचं तोंड कोरडं पडायचं, उभं राहिलात की गरगरायचं, आणि "काही फरक नाही, उगाच खर्च" हे पालुपद. आठवड्यातून एकदा एका समुपदेशकाशी बोलायला जायचात, जायच्या आधी कुरकुर आणि आल्यावर गप्प. मध्ये एकदा परत घसरलात, तेव्हा आम्ही पुन्हा घाबरलो. पण तेव्हा तुम्ही स्वतः विनायकला हाक मारलीत. "विनू, आज बरं वाटत नाही रे. ते विचार येताहेत." विनायक म्हणतो, त्याला बापानं आयुष्यात एवढं मोठं काही दिलं नव्हतं.

आणि मग एप्रिलमध्ये, बाहेर बर्फाचा चिखल झालेला, मी भांडी घासतेय, आणि मागून तुमचा आवाज आला, "हा नळ गळतोय. घरात कुणाला कान आहेत का?" मी वळलेच नाही, कारण माझा चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता. तुम्ही पाने शोधायला लागलात आणि आठवलं, ते हॅरल्डकडे! मग सगळी वरात हॅरल्डच्या दारात. दिलेली भेट परत कशी मागायची म्हणून तुम्ही "जस्ट फॉर वन अवर" म्हणालात. तो म्हणाला, न्या हो, मला त्यातलं काही वापरताच येत नाही. ते पाने परत गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात तुम्ही विनायकच्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणालात, "ते घड्याळ माझं आहे." बापानं आपली वस्तू परत मागितली म्हणून खुशीत शिट्टी वाजवणारा मुलगा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. निरांजनं मात्र तुम्ही माझ्याकडेच राहू दिलीत.

त्यानंतरची वर्षं काही दुधात साखर नव्हती, कबूल करते. तुम्ही पुन्हा थर्मोस्टॅट वर करायला लागलात. लायब्ररीत जाऊन पेपर वाचायचात आणि संध्याकाळी मला अमेरिकेच्या चुका सांगायचात, जशी काही अमेरिका मी चालवते. नेहाला स्टॅटिस्टिक्स शिकवताना दोघं दोन भाषांत ओरडायचात. मंडळात जायचात, पण सत्काराला नाही म्हणायला शिकलात. गोळ्या चालूच राहिल्या. हिवाळा तोंडावर आला की मी तुमच्या ताटाकडे जरा जास्त बघायची आणि तुम्ही चिडायचात, "मोजू नकोस माझे घास!"

तरी एक भांडण राहिलंच. मी म्हणायची, अण्णा, मंडळात उभं राहून एकदा सांगा. आपल्यासारखे कितीतरी आहेत इथे. मुलांनी आणलेले आईबाप, दिवसभर बंद घरात, खिडकीबाहेर ना माणूस ना कावळा. ते कुणाला सांगणार? तुम्ही म्हणायचात, "लोक काय म्हणतील? विनूच्या नावाला बट्टा." मी म्हणायची, मधुमेहानं बट्टा लागतो का? तुम्ही म्हणायचात, "ते वेगळं." कसं वेगळं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मला तुम्हाला पटवता आलं नाही. एकदा फारच ताणलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी गेल्यावर काय करायचं ते कर. तेव्हा मला ऐकू येणार नाही." त्याला परवानगी म्हणायची की टोमणा? मी परवानगी धरतेय. रागावायचं असेल तर रागवा. मंडळाच्या अंकाला हे सगळं असंच्या असं देणार आहे. बापटकाकांनाही वाचून दाखवलं. काका म्हणाले, "टाळी पहिल्यांदा मीच वाजवली होती गं." मी त्यांना चहा दिला.

आता शेवटचं सांगते, मग थांबते. हे विनायकलाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आय ॲम सो सॉरी, ही इज गॉन," नर्स म्हणाली. आणि अण्णा, मी विचारलं, "हाऊ?" एवढा एकच शब्द. पंचाहत्तरी ओलांडलेला, हार्टसाठी ॲडमिट झालेला माणूस कसा गेला, हे कुणी विचारतं का? नर्स म्हणाली, त्यांचं हृदय बंद पडलं, दुपारच्या झोपेत. जेवण केलं होतं. जेवणाबद्दल तक्रारही केली होती.

"थँक गॉड," मी म्हटलं.

तिला काय वाटलं असेल कोण जाणे. मी फोन ठेवला आणि डेस्कच्या मागे जमिनीवर बसून रडले. इतकी वर्षं ऑफिसात फोन वाजला की माझा जीव ज्याला घाबरायचा, तो फोन आलाच नाही. तुम्ही म्हातारपणानं गेलात, आजारानं गेलात, बेचव जेवणावर चिडून, पोटभर जेवून गेलात. कितीतरी दिवस सकाळी तुम्हाला उठावंसं वाटलं नसेल, आणि तरी तुम्ही उठलात, हे तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत. मला कळत होतं. अण्णा, तुम्ही शेवटपर्यंत थांबलात. आमच्यासाठी थांबलात.